नाशिकची पलभा



नाशकांत गोदावरीच्या कांठाजवळ सुंदरनारायणाचें देऊळ आहे. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं तें १७५६ सालीं बांधविलें. या देवळाविषयीं आमच्या गांवांत एक गोष्ट मोठ्या कौतुकानें सांगतात. मार्चच्या २१ तारखेच्या सुमारास उगवत्या सूर्याचे किरण थेट आंत येऊन मूर्तीवर पडतात, अशी ती गोष्ट आहे. हा दिवस वसंतसंपाताचा. त्या दिवशीं सूर्य नेमका पूर्वेस उगवतो आणि दिवस व रात्र जवळजवळ सारखीं असतात. परंतु हें भाग्य एकट्या नाशिकचें नव्हे. त्या प्रातःकाळीं रामेश्वरास, दिल्लीस, फार काय लंडनलाही सूर्य नेमका पूर्वेसच उगवतो. गांवागांवांतला भेद पाहावयाचा असेल, तर दुपारपर्यंत थांबलें पाहिजे आणि अंगणांत एक सरळ काठी उभी करून तिची सांवली मोजली पाहिजे.

या सांवलीला आपल्या ज्योतिषांत पलभा असें नांव आहे. पुष्कळ पंचांगांत गांवाच्या अक्षांशाशेजारीं तिचा आंकडा दिलेला असतो. तो आपण पाहतों आणि पान उलटतों. पण आपल्या वांट्याला सूर्यप्रकाश किती येतो, केव्हां येतो आणि त्यावर आपल्या शेतांत काय पिकतें, याचा सारा जमाखर्च त्या लहानशा आंकड्यांत सांठविलेला आहे. त्या आंकड्याचा इतिहास आज आपणांस सांगावा असा माझा हेतु आहे.

पलभा काढण्याची रीत अगदीं साधी. बारा अंगुळें उंचीचा शंकु सपाट जमिनीवर उभा करावयाचा आणि विषुवदिनीं माध्यान्हीं त्याची सांवली किती अंगुळें पडते तें पाहावयाचें. त्या दिवशीं सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर माथ्यावर असतो, म्हणून तेथें माध्यान्हीं सांवलीच नसते. तेथून उत्तरेस जावें तसतसा सूर्य माथ्यापासून दक्षिणेकडे कलतो आणि सांवली लांबते. सूर्याचा तो कल म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश. नाशिक २० अंशांवर आहे. त्याची पलभा ४ अंगुळें २२ व्यंगुळें येते. अंगुळाचा साठावा भाग तें व्यंगुळ. कोल्हापुरास हीच सांवली सुमारें ३ अंगुळें ३६ व्यंगुळें भरते, उज्जयिनीस ५ अंगुळें ८ व्यंगुळें आणि काशीस साडेपांच अंगुळांहून अधिक. लंडनच्या अंगणांत हाच शंकु रोवला, तर त्याची सांवली त्याच्या स्वतःच्या उंचीहून मोठी, म्हणजे १५ अंगुळें पडते.

मोजलेल्या सांवलीची किंमत काय, हें न मोजतां काढलेल्या अंदाजाशेजारीं ती ठेवली म्हणजे कळतें. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत अलेक्झांड्रिया शहरीं टॉलेमी नांवाचा थोर भूगोलवेत्ता होऊन गेला. त्यानें जगांतील हजारों स्थळांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेविले आहेत आणि त्यांत आपल्या नाशिकचेंही नांव आहे. परंतु टॉलेमी इकडे कधीं आला नव्हता. व्यापाऱ्यांच्या व खलाशांच्या सांगण्यावरून त्यानें उज्जयिनी २० अंशांवर आणि नाशिक १७ अंशांवर मांडलें. वास्तविक उज्जयिनी २३ अंशांच्या किंचित् वर आहे आणि नाशिक २० अंशांवर. दोन्ही गांवांमधलें अंतर त्यानें जवळजवळ बरोबर धरलें, पण दोघांनाही तीन तीन अंश दक्षिणेस ढकललें. म्हणजे आमच्या नाशकाला त्यानें रत्नागिरीचें ऊन बहाल केलें! वाटसरूंच्या बोलण्यावरून अंतराचा अदमास लागतो. अक्षांश मात्र सूर्यालाच विचारावा लागतो.

याच ग्रीक लोकांनीं अक्षांशांच्या पट्ट्यांना जें नांव दिलें त्याचा अर्थ ‘उतार’ किंवा ‘कल’ असा होता. युरोपांतील भाषांत हवामानाला जो शब्द आज रूढ आहे तो त्यापासूनच आला. सूर्याचा कल हेंच हवामानाचें मूळ, ही कल्पना त्या एका शब्दांत गोठलेली आहे. ती बरोबर आहे. पण अर्धीच बरोबर आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेण्यासाठीं आपण परत आपल्या प्रांतांत येऊं.

नाशकाहून आगगाडीनें मनमाडवरून पुढें गेलें म्हणजे चाळीसगांव लागतें. तेथून कांहीं मैलांवर डोंगराच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें गांव आहे. तेथील देवीच्या देवळांत डॉ. भाऊ दाजी लाड यांना गेल्याच्या मागील शतकांत एक शिलालेख सांपडला. शके ११२८ च्या सुमाराचा तो लेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं तेथें मठ स्थापिला, आणि निकुंभ वंशांतील राजांनीं त्याला देणगी दिली, अशी हकीकत त्यांत कोरलेली आहे. आजोबांचें गणित नातवंडांच्या पिढीनें पाठ करावें म्हणून राजानें उत्पन्न तोडून द्यावें, ही गोष्ट कोणत्याही देशाला भूषणास्पद वाटेल.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मधला, म्हणजे इ. स. १११४ चा. सह्याद्रीच्या आश्रयानें वसलेल्या गांवीं राहून वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं त्यांनीं सिद्धान्तशिरोमणि रचिला. त्यांतील गोलाध्यायांत त्यांनीं अक्षांशाप्रमाणें दिनमान कसें बदलतें याचें विवेचन केलें आहे. जेथें अक्षांश ६६ हून अधिक, तेथें वर्षांतील कांहीं काळ सूर्य मावळतच नाहीं आणि प्रत्यक्ष मेरूवर सहा महिन्यांचा दिवस व सहा महिन्यांची रात्र होते, असें त्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. ज्या पुरुषानें बर्फाळ समुद्र कधीं पाहिला नाहीं, त्याला मध्यरात्रींचा सूर्य गणितानें दिसला. एका काठीची सांवली मोजतां येऊं लागली, कीं न पाहिलेल्या प्रदेशाचें ऊनही मोजतां येतें, हा त्यांतला बोध आहे.

परंतु सिद्धान्त हा पंडितांसाठीं. गांवच्या जोशाला लग्नघटिका सांगावयाची असते. त्याच्या हाताशीं तांब्याचें घटिकापात्र, पाण्याचें घंगाळ आणि सूर्योदयाची वेळ एवढींच साधनें. त्याची अडचण ओळखून ग्रंथ लिहिणारा पुरुष कोंकणांत निपजला. मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवचे गणेश दैवज्ञ यांनीं शके १४४२ मध्यें, म्हणजे १५२० सालीं, ग्रहलाघव रचिला. त्रिकोणमितीचीं ज्या-चापें अजिबात न वापरतां केवळ गुणाकार-भागाकारानें ग्रहगणित करण्याची युक्ति त्यांनीं त्यांत साधली आणि पुढें शतकानुशतकें महाराष्ट्रांतील पंचांगें त्या ग्रंथावर झालीं.

पलभेवरून दिनमान काढण्याची त्यांतील रीत त्यांच्याही आधींपासून चालत आलेली आहे. ती इतकी सोपी आहे कीं आपण ती आतांच करून पाहूं. पलभेला एकदां १० नीं गुणावें, एकदां ८ नीं गुणावें आणि एकदां १० नीं गुणून ३ नीं भागावें. नाशिकसाठीं हे तीन आंकडे अनुक्रमें ४३.७, ३४.९ आणि १४.६ असे येतात. यांना चरखंडें म्हणतात. तिहींची बेरीज ९३ पळांहून किंचित् अधिक होते. चोवीस सेकंदांचें एक पळ; तेव्हां ९३ पळें म्हणजे ३७ मिनिटें. याचा अर्थ असा कीं, जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवशीं नाशकांत सूर्य सहाच्या ३७ मिनिटें आधीं उगवतो आणि सहानंतर ३७ मिनिटांनीं मावळतो. दिनमान १३ तास १४ मिनिटें.

आजच्या त्रिकोणमितीनें हाच हिशेब केला तर १३ तास १३ मिनिटें येतात. राहिलेला मिनिटभराचा फरक गणेश दैवज्ञांच्या गुणाकाराचा नव्हे. प्राचीनांनीं सूर्याची परमक्रान्ति २४ अंश धरली. आज ती सुमारें २३ अंश २६ कला आहे. सारा फरक तेथें आहे. प्रत्यक्ष डोळ्यांना दिवस आणखी सात-आठ मिनिटें मोठा दिसतो. कारण वातावरणांत किरण वांकतात, आणि बिंबाची वरची कड दिसली कीं आपण सूर्य उगवला असें म्हणतों.

हे आंकडे केवळ जोशाच्या कामाचे नव्हेत. नाशकाची मुलगी ग्वाल्हेरास सासरीं गेली, तर तिची पलभा पावणेसहा अंगुळांच्या वर जाते. जूनमध्यें तिच्या नव्या घरीं दिवस माहेरच्याहून सुमारें २७ मिनिटें मोठा, आणि डिसेंबरांत तितकाच लहान. गोदावरीकांठच्या गोळग्रामाहून काशीस जाऊन राहिलेल्या ज्योतिष्यांच्या घराण्यांत कमलाकरांसारखा पंडित झाला. त्यांनीं १६५८ सालीं तेथें सिद्धान्ततत्त्वविवेक रचिला. देव, कुलाचार आणि पोथ्या बरोबर नेतां येतात, पण पलभा नेतां येत नाहीं. ती नव्या गांवीं नव्यानें मोजावी लागते.

आतां उष्णतेकडे वळूं. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर किरणांसमोर सरळ धरलेल्या एका चौरस मीटरावर सूर्यापासून सुमारें १३६१ वॉट इतकी शक्ति येते. त्यांतली कोणत्या गांवाला किती मिळावी हें दोन गोष्टींवर ठरतें. पहिली गोष्ट किरणांचा तिरपेपणा. २२ डिसेंबरला माध्यान्हीं नाशकांत सूर्य क्षितिजापासून साडेशेहेचाळीस अंश वर असतो, लंडनला अवघा १५ अंश. त्यामुळें एक चौरस हात रुंदीचा प्रकाशाचा झोत नाशकांत सुमारें १.४ चौरस हात जमिनीवर पसरतो. लंडनला तोच झोत ३.८ चौरस हातांहून अधिक जमिनीला पुरवून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट दिवसाची लांबी. हिवाळ्यांत या दोन्ही गोष्टी उत्तरेकडील देशांच्या विरुद्ध जातात. उन्हाळ्यांत मात्र त्या एकमेकींशीं भांडूं लागतात. किरण तिरपे, पण दिवस मोठा. अशा वेळीं जय कोणाचा होतो?

उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतें. वातावरणाबाहेर दिवसभरांत येणारी एकूण शक्ति मोजली, तर २१ जूनला नाशकापेक्षां लंडनच्या वांट्याला ती पांच-सहा टक्के अधिक येते. प्रत्यक्ष उत्तर ध्रुवावर तर नाशकापेक्षां सुमारें १५ टक्के अधिक येते, कारण तेथें चोवीस तास सूर्य मावळतच नाहीं. ध्रुव तरीही गोठलेला राहतो. कारण तिरप्या किरणांना जाड वातावरणांतून यावें लागतें आणि बर्फ त्यांतला मोठा भाग परत आकाशांत फेंकून देतें. पण सूर्याच्या हातून दान कमी पडतें असें नाहीं.

डिसेंबरांत हिशेब अगदीं उलटतो. त्या महिन्यांत नाशकाला लंडनच्या जवळजवळ चौपट शक्ति मिळते. नाशकाचा हिवाळ्यांतला दिवस त्याच्या जूनमधल्या दिवसाच्या सुमारें ६५ टक्के प्रकाश आणतो. लंडनचा दिवस त्याच्या जूनच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतका. म्हणजे आपली पलभा लहान असण्याचा अर्थ आपला उन्हाळा सूर्याच्या हिशेबीं अधिक श्रीमंत असतो असा नव्हे; आपला हिवाळा गरीब होत नाहीं, असा आहे. ग्रीकांच्या ‘उतारा’त न सांपडणारा अर्धा भाग हाच होय.

‘मग निफाडचा कडाका कोठून येतो?’ असें आमच्या जिल्ह्यांतले श्रोते मला विचारतील. तो रात्रीचा आहे. कोरड्या निरभ्र आकाशाखालीं जमीन दिवसा मिळविलेली उष्णता रात्रीं झपाट्यानें गमावते आणि उत्तरेकडून थंड वारा उतरला म्हणजे पारा घसरतो. मग बागाईतदार द्राक्षबागांतून शेकोट्या पेटवितात. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं दहा वाजतां त्याच बागेंत जें ऊन उतरतें, तसें युरोपांतल्या कोणत्याही द्राक्षबागेला डिसेंबरांत मिळत नाहीं.

या उन्हाची साक्ष इतिहासांत आहे. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३४२ सालीं दिल्लीहून दक्षिणेकडे निघाला आणि वाटेंत दौलताबादेस आला. दौलताबाद नाशिकच्या पूर्वेस, जवळजवळ नेमक्या त्याच अक्षांशावर आहे. तेथें द्राक्षें आणि डाळिंबें होतात व तीं वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. ज्याच्या देशांत द्राक्षाचा वेल वर्षांतून एकदांच फळतो, त्याला ही नोंद करावीशी वाटली यांत नवल नाहीं.

थंड देशांत हिवाळा आला कीं वेलाचीं पानें झडतात आणि तो वसंतापर्यंत झोंपतो. आमच्याकडे वेलाला झोंपवील असा हिवाळाच नाहीं. म्हणून ओझर-पिंपळगांवकडचा बागाईतदार वर्षांतून दोनदां छाटणी करून वेलाचें वर्ष स्वतःच्या हातानें आंखतो. एप्रिलमधली ती खरड छाटणी आणि ऑक्टोबरमधली ती गोडी छाटणी. खरड छाटणीनंतर नव्या काड्या फुटतात, आणि सूर्य माथ्यावर येऊं लागलेला असतो त्या काळांत त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढल्या घडांची सूक्ष्म रचना होते. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली तर पुढें घड कमी येतात, हें प्रत्येक बागाईतदार जाणतो. गोडी छाटणीनंतर तेच घड बाहेर पडतात आणि हिवाळ्याच्या उन्हांत वाढून फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्यांत साखर भरते. घडाचा आरंभ मेच्या उभ्या किरणांत आणि शेवट हिवाळ्याच्या भरघोस उन्हांत! पलभा चार अंगुळांच्या आसपास असल्यावांचून हें शक्य नाहीं.

सूर्य नाशिकच्या बरोबर माथ्यावर वर्षांतून दोनदां येतो. २० मेच्या सुमारास आणि २३ जुलैच्या सुमारास. त्या दिवशीं माध्यान्हीं सरळ खांबाला क्षणभर सांवलीच नसते. मधल्या दोन महिन्यांत दुपारची सांवली दक्षिणेस पडते. दोन्ही वेळां किरण सारखेच उभे. पण मेमध्यें अंगाची लाही होते आणि जुलैमध्यें आपण छत्री घेऊन बाहेर पडतों. पावसाळ्याचे ढग सूर्याचें दान मधल्यामध्यें अडवितात. म्हणून पलभा सूर्य किती देऊं करतो एवढेंच सांगते. पदरांत किती पडतें तें आकाश ठरवितें. तें मोजण्यासाठीं शंकु पुरत नाहीं, निराळीं यंत्रें लागतात. १९२८ सालीं हवामानखात्याचें मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आलें, १९३२ सालीं तेथें शेतीच्या हवामानाचा विभाग निघाला, आणि १९५७ सालच्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्तानें देशांत सूर्यप्रारण मोजणारीं केंद्रें उभीं राहूं लागलीं. शंकूचें काम तेथें यंत्रांनीं पुढें चालविलें.

या प्रगतींत एक गोष्ट मात्र हातची सुटली. १८४१ सालीं मुंबईस गणपत कृष्णाजींच्या छापखान्यांत मराठी पंचांग छापून निघालें आणि पुढें एका ठिकाणचें छापील पंचांग दूरदूरच्या गांवीं चालूं लागलें. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. तिच्यामुळें आगगाड्या व तारा सुरळीत चालल्या, हें खरें. पण घड्याळांत बारा वाजले म्हणजे माध्यान्ह झाला, अशी आपली समजूत होऊन बसली. नाशकांत सूर्य सरासरीनें बारा वाजून ३५ मिनिटांनीं मध्यावर येतो, हें शिकलेल्या घरांतही क्वचितच कोणाला ठाऊक असतें. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ सालीं भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास मराठींत लिहिला, तेव्हां आपल्या पूर्वजांनीं काय मोजलें हें त्यांनीं आपल्यापुढें ठेविलें. तें पुन्हां मोजून पाहण्याचें काम आपलें होतें.

तें अजूनही करतां येण्यासारखें आहे. येत्या विषुवदिनीं मुलांना घेऊन गच्चीवर जा. बारा अंगुळांची, अथवा बारा इंचांची म्हणा, एक सरळ काठी ओळंबा लावून उभी करा. साडेबाराच्या थोडें आधींपासून दर पांच मिनिटांनीं सांवलीच्या टोंकाशीं खडूनें खूण करीत जा, आणि खुणांतली सर्वांत आंखूड सांवली मोजा. नाशकांत ती चार इंच आणि तिसऱ्या हिश्श्याहून थोडी अधिक भरेल. कोल्हापूरच्या श्रोत्यांना कमी भरेल, ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना अधिक. मग आपापल्या गांवाचे आंकडे एकमेकांस पत्रानें कळवा. लेकीच्या अंगणांतली सांवली आपल्या अंगणांतल्याहून दीड इंच लांब आहे, एवढें मुलांनीं ताडून पाहिलें, तर पृथ्वी गोल असल्याचा धडा त्यांना पुस्तकांतून पाठ करावा लागणार नाहीं.